ज्वारीची भाकरी आणि लायसीन

(इयत्ता पाचवी ते सातवी : सामान्य विज्ञान व आरोग्यशिक्षण यांसाठी शिक्षकोपयोगी अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

रब्बी ज्वारीचा विषय निघाला म्हणजे सोलापूर जिल्ह्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास पेरलेली ज्वारी पुढे केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते व शिमग्याच्या आगेमागे काढणीस येते. 'मालदांडी' म्हणून जी शाळू ज्वारी सर्व दख्खनमध्ये नावाजली, तिचा 'एम. ३५-१' हा निवडक वाण याच जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली करणारे दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे, ही परंपरा येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते.

दामाजीपंतांपुढील प्रश्न पोट भरण्याचा होता. शिक्षकापुढील प्रश्न त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. मूल पोटभर जेवते, तरीही त्याची उंची वयाच्या मानाने मागे राहते, दुखणे लवकर हटत नाही, अभ्यासात लक्ष टिकत नाही. असे का व्हावे? याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक ताटात सापडते, आणि तिचा संबंध 'लायसीन' नावाच्या एका द्रव्याशी आहे. हा विषय मुलांना कसा उलगडून सांगता येईल, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

प्रथिने म्हणजे काय?

स्नायू, रक्त, त्वचा, केस, नखे, पाचक रस, रोगांशी झुंजणारी द्रव्ये, ही सर्व मुख्यत्वे प्रथिनांची बनलेली असतात. प्रथिनाचा प्रत्येक रेणू हा लहान लहान घटकांची लांब साखळी असतो. या घटकांस ॲमिनो अम्ले म्हणतात. निसर्गातील अगणित प्रथिने अवघ्या वीस ॲमिनो अम्लांच्या निरनिराळ्या जुळणीतून तयार होतात.

या विसांपैकी बरीचशी ॲमिनो अम्ले शरीर स्वतः घडवू शकते. नऊ मात्र त्यास घडविता येत नाहीत, वा गरजेपुरती घडविता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. म्हणून त्यांस 'आवश्यक ॲमिनो अम्ले' असे नाव आहे. लायसीन, ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, मिथिओनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन, फिनिलॲलानीन व हिस्टिडीन ही ती नऊ होत.

हे ज्ञान एका दिवसात हाती आलेले नाही. ड्रेक्सेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ साली दुधातील केसीन या प्रथिनापासून लायसीन वेगळे केले. १९०६ साली इंग्लंडमध्ये विलकॉक व हॉपकिन्स यांनी उंदरांना मक्यातील झेईन हे एकच प्रथिन देऊन पाहिले. झेईनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही. ते उंदीर खंगत गेले. ट्रिप्टोफॅन वरून घातले तेव्हा ते अधिक काळ जगले. १९१४ साली अमेरिकेत ऑसबोर्न व मेंडेल यांनी गव्हातील ग्लायाडीन हे प्रथिन उंदरांना दिले. उंदीर जगले, परंतु वाढेनात. आहारात लायसीन मिसळताच त्यांची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू झाली. प्रथिनाची मात्रा पुरेशी असली तरी त्याची प्रत कमी असू शकते, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे विल्यम रोझ यांनी १९३५ साली थ्रिओनीन शोधून काढले व त्यानंतरच्या काळात माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग करून आवश्यक ॲमिनो अम्लांची यादी बरीचशी निश्चित केली.

चादरीचा दृष्टान्त

विषय सूक्ष्म असला तरी सोलापूरच्या मुलास तो कळावयास कठीण जाऊ नये. त्याने माग पाहिलेला असतो. चादरीवर फुलांची वेलबुट्टी विणावयाची आहे. तिला पांढरे, निळे, हिरवे व तांबडे सूत ठराविक प्रमाणात लागते, असे समजावे. विणकरापाशी पांढरे, निळे व हिरवे सूत भरपूर आहे, मात्र तांबडे सूत निम्म्याच चादरींना पुरेल एवढे आहे. अशा वेळी निम्म्याच चादरी पुऱ्या होतील. उरलेल्या सुताचे ढीग पडले तरी त्यांतून ती नक्षी उतरणार नाही.

शरीराचेही तसेच आहे. प्रथिन विणताना एखादे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी पडले, तर विणकाम त्याच्याच मापाने चालते. जे सर्वांत आधी कमी पडते, त्यास 'मर्यादाकारक' ॲमिनो अम्ल म्हणतात. ज्वारी, गहू, तांदूळ या सर्व धान्यांत हे मर्यादाकारक ॲमिनो अम्ल लायसीन होय.

येथे दृष्टान्ताची मर्यादाही सांगावी. विणकर उरलेले सूत फडताळात ठेवून देतो. शरीरात ॲमिनो अम्लांचे असे कोठार नाही. उरलेल्या ॲमिनो अम्लांतील नायट्रोजन वेगळा होतो, यकृतात त्याचा युरिया बनतो व तो मूत्रावाटे बाहेर जातो. राहिलेला भाग जळणासाठी वापरला जातो अथवा चरबीच्या रूपाने साठतो. म्हणजे बांधकामाचा माल चुलीत जातो.

लायसीनचे शरीरातील कार्य

नव्या पेशींच्या बांधणीत लायसीन लागतेच. वाढत्या मुलास ते विशेष लागते. याखेरीज त्याची दोन कामे मुलांना सांगण्याजोगी आहेत. पहिले काम हाडे, कूर्चा व त्वचा यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनातील आहे. कोलॅजेनचे धागे एकमेकांस घट्ट बांधण्याच्या कामी लायसीन उपयोगी पडते, आणि या कामी त्यास क जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते. आवळा, पेरू, लिंबू यांचे महत्त्व सांगताना हा दुवा जोडून द्यावा. दुसरे काम चयापचयातील आहे. लायसीन व मिथिओनीन यांपासून शरीर कार्निटीन नावाचे द्रव्य बनविते. स्निग्ध पदार्थांतील अम्ले पेशींच्या आतील ऊर्जाकेंद्रांत वाहून नेण्याचे, म्हणजे जळण भट्टीपर्यंत पोचविण्याचे काम कार्निटीन करते.

ताटाचा हिशेब

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसीन सुमारे २३ मिलिग्रॅम असते. अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तीन वर्षांवरील मुलांच्या आहारात दर ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ४८ मिलिग्रॅम लायसीन असावे. याचा अर्थ, केवळ भाकरीवर वाढणाऱ्या मुलास लायसीन गरजेच्या निम्म्यानेच मिळते.

आता भाकरीबरोबर ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण घेतले असे समजू. एवढ्या डाळीतून सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने व सुमारे ४३० मिलिग्रॅम लायसीन मिळते. भाकरीतील २३० व डाळीतील ४३० मिळून ६६० मिलिग्रॅम होतात. एकूण प्रथिने साडेसोळा ग्रॅम. म्हणजे दर ग्रॅम प्रथिनामागे ४० मिलिग्रॅम. शेजारी शंभर ग्रॅम दही आले, तर आणखी सुमारे तीन ग्रॅम प्रथिने व २४० मिलिग्रॅम लायसीन यांची भर पडते आणि प्रमाण ४६ पर्यंत, म्हणजे अपेक्षित मापाच्या अगदी जवळ पोचते. हे आकडे स्थूलमानाचे आहेत. वाणाप्रमाणे व जमिनीप्रमाणे त्यांत थोडाफार फरक पडतो. परंतु त्यांतून निघणारा बोध पक्का आहे.

डाळीने भाकरीची उणीव भरून निघते, तशीच भाकरीने डाळीचीही निघते. डाळीत लायसीन विपुल, तर मिथिओनीन कमी. धान्यात याच्या उलट. म्हणून दोहोंची जोडी एकेकट्याच्या बेरजेहून अधिक मोलाची ठरते. दोन्ही पदार्थ एकाच घासात यावेत असे नव्हे. दिवसभराच्या आहारात ते पुरेसे यावेत, एवढे साधले म्हणजे झाले. मात्र लहान मुलाच्या प्रत्येक मुख्य जेवणात ही जोडी राहिल्यास उत्तम.

जुन्या स्वयंपाकघरातील जाण

ज्या काळी लायसीनचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्या काळापासून या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांत ही जोडी नांदत आली आहे. भाकरी व पिठले, भाकरी व मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या पिठात हरभऱ्याचे पीठ मिसळून केलेले धपाटे, ताकातील आंबील, ही सर्व त्याचीच उदाहरणे होत. मोड आणलेली मटकी वा मूग पचावयास सुलभ होतात. ज्वारीतील प्रथिने ओलसर शिजविल्यावर पचनास काहीशी जड होतात. आंबविण्याने ही अडचण कमी होते. पीठ वा धान्य करपेपर्यंत भाजल्यास लायसीनचा काही अंश शरीरास निरुपयोगी होतो, हेही ध्यानात असावे.

सोलापूरच्या प्रसिद्ध शेंगाचटणीविषयी येथे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. भुईमुगाच्या दाण्यात प्रथिने विपुल आहेत, स्निग्धांश आहे, नायसीन हे ब गटातील जीवनसत्त्वही भरपूर आहे. परंतु त्याच्या प्रथिनात लायसीन कमीच असते. सबब शेंगाचटणी ही भाकरीची उत्तम सोबतीण असली तरी ती डाळीची जागा भरून काढू शकत नाही. 'भाकरी-चटणी खाऊन आलो' असे सांगणाऱ्या मुलाने काही वाईट खाल्लेले नसते; त्याच्या ताटातून एक पदार्थ राहून गेलेला असतो, एवढेच.

दख्खनमधील एक वैद्यकीय कोडे

ज्वारी व ॲमिनो अम्ले यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा अध्याय सोलापूरच्या पूर्वेस, हैदराबाद येथे लिहिला गेला. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. त्यात उन्हास उघड्या राहणाऱ्या कातडीवर, म्हणजे हात, पाय व मान यांवर काळपट चट्टे उठतात, हगवण लागते व रोग बळावल्यास बुद्धिभ्रंश होतो. अमेरिकेत मका खाणाऱ्या गरीब लोकांत तो मोठ्या प्रमाणावर होता. तो संसर्गाने नव्हे तर आहारातील उणिवेमुळे होतो, हे गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. १९३७ साली एल्वेजेम यांनी ती उणीव नायसीनची असल्याचे सिद्ध केले. पुढे १९४५ साली असे आढळले की, शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही नायसीन बनवू शकते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसीन, असे त्याचे प्रमाण धरतात. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, व असलेले नायसीन बांधलेल्या स्वरूपात. म्हणून मका खाणाऱ्यांस पेलाग्रा होई. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे नायसीन मोकळे होई व ते रोगापासून वाचत.

परंतु दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा आढळे. ज्वारीत तर ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. मग रोग का? हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली याचे एक उत्तर मांडले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसीन हे ॲमिनो अम्ल गरजेच्या सुमारे दुप्पट असते. हा अतिरेक ट्रिप्टोफॅनपासून नायसीन बनण्याच्या मार्गात अडथळा आणतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील काळात इतरत्र झालेल्या सर्वच प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली नाही. ब गटातील अन्य जीवनसत्त्वांची उणीव व आहारातील एकसुरीपणा यांचाही रोगात वाटा असल्याचे मत पुढे आले. मात्र एखादे ॲमिनो अम्ल कमी पडणे जसे अपायकारक, तसे त्यांच्यातील तोल बिघडणेही अपायकारक असू शकते, ही दृष्टी या संशोधनाने दिली. आहारात विविधता येत गेली तसा हा रोग पुढील दशकांत विरळ होत गेला. या प्रयोगशाळेस १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव आहे.

या इतिहासावरून 'ज्वारी वाईट' असा ग्रह मुलांचा होऊ देऊ नये. दोष ज्वारीचा नव्हता. ताटात ज्वारीवाचून दुसरे काही नसण्याचा होता. ज्वारीत तंतुमय भाग, लोह व खनिजे आहेत, व तिच्या भाकरीतील पिष्टमय भाग पांढऱ्या भाताच्या मानाने सावकाश पचतो. मधुमेहाच्या वाढत्या काळात शहरातील लोक पुन्हा भाकरीकडे वळत आहेत, ते यामुळेच.

धान्याच्या वाणातच लायसीन वाढविण्याचे प्रयत्नही झाले. १९७३ साली सिंग व ॲक्सटेल यांनी इथिओपियातील ज्वारीत लायसीन अधिक असलेले वाण शोधून काढले. परंतु त्यांचे दाणे सुरकुतलेले व उतारा कमी, म्हणून ते शेतात रुजले नाहीत. तूर्त तरी सर्वांत खात्रीचा उपाय शेतकऱ्याच्या बांधावरच आहे : ज्वारीबरोबर हरभरा, तूर, मटकी व हुलगा.

शालेय आहार व शिक्षकाचे कर्तव्य

शाळेतील मध्यान्ह भोजनाच्या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे माप ठरविलेले आहे. या मापातील डाळ केवळ चवीसाठी नाही. १०० ग्रॅम तांदळातील प्रथिनांत लायसीनचे प्रमाण दर ग्रॅमला सुमारे ३७ मिलिग्रॅम पडते. त्यात २० ग्रॅम डाळ मिसळताच ते ४८ च्या आसपास येते, म्हणजे मुलांच्या गरजेच्या मापास पोचते. खिचडीत डाळ निम्मी पडली, तर भात तेवढाच दिसतो, पोटही भरते, आणि कमी काय झाले ते कोणाच्याही नजरेस येत नाही. म्हणून शिधा मोजून देताना व पातेल्यात पडताना डाळीच्या मापाकडे शिक्षकाचे लक्ष असणे अगत्याचे आहे. ज्या मुलाच्या घरी डाळ महाग म्हणून आमटी पातळ होते, त्याच्या दृष्टीने शाळेतील ती मूठभर डाळ ही दिवसातील मुख्य डाळ असण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट. एकूण अन्नच अपुरे असेल तर शरीर उत्तम प्रथिनेही जळण म्हणून वापरून टाकते. म्हणून आधी पोटभर अन्न, मग त्यात योग्य जोडी, हा क्रम विसरू नये. लायसीनच्या गोळ्या वा डबाबंद भुकट्या यांची निरोगी मुलास गरज नाही. मूत्रपिंडाचे वा जन्मजात चयापचयाचे विकार असलेल्या मुलांचा आहार मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

वर्गातील उपक्रम

साहित्य : खडे व चिंचोके. चार खडे व एक चिंचोका मिळून प्रथिनाची एक ओळ, असा नियम सांगावा.

(१) पहिल्या गटास ४० खडे व ५ चिंचोके द्यावेत. हा गट पाचच ओळी मांडू शकेल व २० खडे उरतील. ही नुसत्या भाकरीची स्थिती होय.

(२) त्याच गटास दुसऱ्या पुडीतून ५ चिंचोके द्यावेत. दहा ओळी पूर्ण होतील व एकही खडा उरणार नाही. ही भाकरी व डाळ यांची स्थिती होय. उरलेल्या खड्यांचे पहिल्या वेळी काय झाले असते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

(३) प्रत्येक विद्यार्थ्याने घरी आठवडाभर झालेल्या जेवणातील जोड्या वहीत लिहून आणाव्यात. ही वही वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नये. कोणाच्या घरी काय शिजते यावरून मुलांत उणेदुणे होऊ देणे, हे पाठाच्या हेतूस सर्वथा बाधक आहे. शिक्षकाने ती एकट्याने पाहावी व गरज दिसल्यास पालकांशी आपुलकीने बोलावे.

स्वाध्याय

१. आवश्यक ॲमिनो अम्ल म्हणजे काय? 'आवश्यक' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे?
२. ज्वारीत मर्यादाकारक ॲमिनो अम्ल कोणते? डाळीत कोणते कमी असते?
३. आजीने केलेल्या धपाट्यात कोणकोणती पिठे असतात, ते विचारून या. त्यांची जोडी का योग्य आहे, ते सांगा.
४. शेंगाचटणी पौष्टिक असूनही ती डाळीऐवजी का चालत नाही?
५. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात का शिजवीत? त्यांना त्याचे शास्त्रीय कारण ठाऊक असेल काय? चर्चा करा.

पाठ संपताना मुलांच्या मनात एवढे ठसले तरी पुरे आहे : भाकरी आपली आहे आणि चांगली आहे, परंतु तिला एकटी बसवू नये. तिच्या शेजारी डाळ, उसळ वा पिठले असावे आणि जमेल त्या दिवशी दही-ताकाची वाटी असावी. ज्या घरात हे समजले, त्या घरातील मूल पुढील वर्षी उंची मोजताना भिंतीवरील खुणेच्या वर गेलेले दिसावे, हीच या पाठाची परीक्षा होय.